हैदराबाद मुक्तिसंग्रामाची स्मृती आणि मुलांशी युद्धाविषयीचा संवाद : हिंगोली जिल्ह्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक चिंतन

प्रस्तावना :

युद्ध आणि संघर्ष यांविषयी मुलांशी काय बोलावे, किती बोलावे आणि कोणत्या शब्दांत बोलावे, हा प्रश्न सामान्यतः मानसशास्त्राचा किंवा बालसंगोपनाचा मानला जातो. इतिहासाच्या अध्यापकाचा त्याच्याशी थेट संबंध नाही, असाही एक समज आहे. वस्तुतः शाळेत मूल प्रथमच ज्या युद्धांविषयी पद्धतशीरपणे ऐकते ती इतिहासाच्या तासालाच. लढाई, तह, विजय, हुतात्मा, फितुरी, शत्रू हे शब्द त्याला इतिहासाचे पुस्तक देते. पुढे दूरदर्शन संचावर किंवा भ्रमणध्वनीच्या पडद्यावर जगातील एखादे युद्ध दिसू लागते तेव्हा ते मूल याच शब्दांच्या साहाय्याने त्याचा अर्थ लावते. म्हणून मुलांशी युद्धाविषयी कसे बोलावे हा प्रश्न इतिहासाच्या अध्यापनाचाही प्रश्न ठरतो.

हिंगोली जिल्ह्यात या प्रश्नाला स्वतंत्र महत्त्व आहे. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आलेला हा जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानाचा भाग होता. हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ व सेनगाव या पाच तालुक्यांतील मुलांच्या दृष्टीने युद्ध ही केवळ दूरदेशीची वार्ता नाही. १९४७-४८ चा संघर्ष त्यांच्या गावाच्या वेशीपर्यंत, कित्येकदा घराच्या ओसरीपर्यंत आलेला आहे. आजही गावातील वयोवृद्ध माणसे एखाद्या घटनेचा काळ सांगताना 'रझाकारीच्या वेळी' असा उल्लेख करतात. या स्मृतीचे मुलांपुढे कथन कसे होते, त्यात काय सांगितले जाते, काय गाळले जाते आणि त्याचा वर्तमानातील संघर्षांविषयीच्या त्यांच्या आकलनाशी कोणता संबंध आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती :

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत. १) हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या संदर्भात हिंगोली परिसराचे स्थान थोडक्यात स्पष्ट करणे. २) या संघर्षाच्या कथनासाठी वापरल्या जाणाऱ्या शब्दांची चिकित्सा करणे. ३) युद्धाविषयी मुलांच्या आकलनासंबंधी झालेल्या काही मान्यवर अभ्यासांचा या संदर्भात उपयोग पाहणे. ४) शाळा व महाविद्यालयांतील अध्यापकांसाठी काही तत्त्वे सुचविणे. लेखासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून तो प्रकाशित ऐतिहासिक साधनांवर आधारित आहे.

हिंगोली : सरहद्दीवरील प्रदेश :

हैदराबाद संस्थान हे क्षेत्रफळाने सुमारे ८२ हजार चौरस मैल एवढे विस्तीर्ण होते. १९४१ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या १ कोटी ६० लाखांहून अधिक होती. तेलुगू, मराठी व कन्नड भाषिक प्रदेशांचा त्यात समावेश होता आणि मराठी भाषिक भागात औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड व उस्मानाबाद हे पाच जिल्हे होते. बहुसंख्य प्रजेच्या मातृभाषांना राज्यकारभारात व उच्च शिक्षणात दुय्यम स्थान होते. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते आणि माध्यमिक शिक्षणातही उर्दूचेच वर्चस्व होते. त्यामुळे मराठी घरातील मुलाला घरची भाषा एक आणि शाळेची भाषा दुसरी अशा स्थितीत शिकावे लागे. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा, अंबाजोगाईची योगेश्वरी शाळा, सेलूचे नूतन विद्यालय यांसारख्या संस्था याच परिस्थितीतून उभ्या राहिल्या. मराठवाड्यातील मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व मोठ्या प्रमाणावर शिक्षकांकडे होते, ही बाब लक्षणीय आहे. स्वामी रामानंद तीर्थ हे स्वतः हिप्परगा व अंबाजोगाई येथे अध्यापन करीत होते. मुलांशी राजकीय अन्यायाविषयी बोलणे हे या प्रदेशातील शिक्षकांना नवे नव्हते.

हिंगोलीला लष्करी इतिहासाची पार्श्वभूमी आहे. इंग्रजांच्या देखरेखीखालील हैदराबाद कंटिन्जंट फौजेची येथे छावणी होती. १९०३ मध्ये ही फौज स्वतंत्रपणे संपुष्टात येऊन इंग्रजांच्या हिंदी सैन्यात विलीन झाली. आज या शहरात राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक १२ आहे. गणवेशातील वडील बंदोबस्तासाठी दूर गेले आहेत आणि घरातील मूल त्यांची वाट पाहत आहे, हे दृश्य हिंगोलीला अपरिचित नाही.

भौगोलिक दृष्ट्या हा प्रदेश संस्थानाच्या सरहद्दीवर होता. पैनगंगा ओलांडली की वऱ्हाड, म्हणजे भारतीय संघराज्याचा प्रदेश, सुरू होई. १९३८ मध्ये स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह व वंदे मातरम् चळवळ झाली. १९४७ मध्ये संस्थानाने भारतात सामील होण्यास नकार दिल्यानंतर लढ्याचे स्वरूप पालटले. शिंदीची झाडे तोडणे, करोडगिरीची नाकी उद्ध्वस्त करणे, लेव्हीला विरोध करणे या मार्गांबरोबरच सरहद्दीवर कृतिसमित्यांची केंद्रे उभी राहून सशस्त्र प्रतिकार सुरू झाला. उमरखेड व वाशिम ही अशा केंद्रांपैकी हिंगोलीला जवळची ठिकाणे होत. रझाकारांच्या अत्याचारांमुळे अनेक कुटुंबांनी गाव सोडून वऱ्हाडात आश्रय घेतला. रात्रीच्या अंधारात नदी ओलांडणाऱ्या त्या कुटुंबांत मुलेही होती. आजच्या भाषेत त्यांना 'निर्वासित बालके' म्हणावे लागेल. वसमत तालुक्यातील वापटीचे बहिर्जी शिंदे यांनी या लढ्यात प्राणार्पण केले आणि वसमत येथील बहिर्जी स्मारक महाविद्यालय त्यांचे नाव धारण करून उभे आहे.

शब्दांचा प्रश्न :

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्याने हैदराबाद संस्थानात प्रवेश केला. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागतीची घोषणा केली आणि दुसऱ्या दिवशी संस्थानाच्या सैन्याने मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्यापुढे औपचारिक शरणागती पत्करली. या मोहिमेत रणगाडे होते, तोफखाना होता, विमानदलाचाही वापर झाला. लष्कराने तिला 'ऑपरेशन पोलो' असे नाव दिले होते. तथापि, शासनाने आणि लोकांनी ती 'पोलीस कारवाई' म्हणून ओळखली.

या शब्दयोजनेमागे कारण होते. हैदराबाद हे सार्वभौम राष्ट्र नसून भारताचाच अविभाज्य भाग आहे आणि तेथील अराजक हा अंतर्गत शांतता व सुव्यवस्थेचा प्रश्न आहे, ही भारत सरकारची भूमिका त्या शब्दातून व्यक्त होत होती. निजाम सरकारने ऑगस्ट १९४८ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा परिषदेकडे तक्रार नेली होती आणि १६ सप्टेंबर रोजी, म्हणजे शरणागतीच्या आदल्या दिवशी, पॅरिस येथे परिषदेपुढे हा विषय आला होता. आपल्या पणजोबांच्या गावावरील संकट एकेकाळी सुरक्षा परिषदेच्या विषयपत्रिकेवर होते, हे हिंगोलीच्या विद्यार्थ्याला सहसा सांगितले जात नाही. ते सांगितले तर 'जागतिक संघर्ष' आणि 'आपल्या गावचा इतिहास' यांच्यामधील भिंत आपोआप गळून पडेल.

एकाच घटनाक्रमाला येथे निदान चार नावे आहेत. शासकीय व सार्वजनिक व्यवहारात 'मुक्तिसंग्राम', प्रशासकीय भाषेत 'पोलीस कारवाई', लष्करी इतिहासात 'ऑपरेशन पोलो' आणि खेड्यापाड्यांतील बोलीत 'रझाकारी'. मुस्लिम कुटुंबांच्या आठवणीत 'पोलीस ॲक्शन' हा शब्द आणखी वेगळ्या अर्थाने, आपत्तीची खूण म्हणून, वावरतो. प्रत्येक नाव घटनेचा एक भाग उजेडात आणते आणि दुसरा अंधारात ठेवते. मुलांना युद्धाविषयी शिकविण्याचा आरंभ या नावांपासून करता येतो. एखाद्या संघर्षाला कोण काय म्हणतो आणि का म्हणतो, हे विचारण्याची सवय लागलेले मूल पुढे कोणत्याही युद्धाची बातमी अधिक सावधपणे ऐकेल.

दोन स्मृती, एक वर्ग :

१७ सप्टेंबरला मराठवाड्यातील प्रत्येक शाळेत ध्वजवंदन होते. भाषणांतून रझाकारांच्या जुलमाचे वर्णन होते, हुतात्म्यांना अभिवादन होते. हे उचितच आहे. कासिम रझवी यांच्या नेतृत्वाखाली रझाकार संघटनेने केलेली लूट, जाळपोळ, हत्या व स्त्रियांवरील अत्याचार हा निर्विवाद इतिहास आहे. मुक्तिसंग्रामात सर्वसामान्य शेतकरी, शेतमजूर, विद्यार्थी व स्त्रियांनी दाखविलेले धैर्य पुढील पिढीला सांगितलेच पाहिजे.

परंतु त्या ध्वजवंदनाला उभ्या असलेल्या मुलांमध्ये मुस्लिम मुलेही असतात. 'रझाकार' आणि 'मुसलमान' या दोन शब्दांत वक्त्याने स्पष्ट अंतर ठेवले नाही तर त्या मुलांच्या वाट्याला कोणती भूमिका येते, याचा विचार क्वचितच होतो. भाषण संपल्यावर मैदानात एखाद्या वर्गमित्राला 'रझाकार' म्हणून चिडविले गेले, तर तो दोष केवळ चिडविणाऱ्या मुलाचा नसून अपुऱ्या इतिहासकथनाचाही आहे. इतिहास मात्र हे अंतर स्वतःच दाखवितो. 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्ला खान यांनी रझाकारांवर निर्भीड टीका केली, संस्थानाने भारतात सामील व्हावे असा पुरस्कार केला आणि त्यासाठी ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबाद शहरात त्यांची हत्या झाली. मुक्तिसंग्रामाच्या भाषणात या हुतात्म्याचे नाव आले तर वर्गातील प्रत्येक मुलाला त्या इतिहासात स्वतःसाठी एक सन्मानाची जागा दिसू शकते.

दुसरी बाब अधिक अवघड आहे. पोलीस कारवाईनंतरच्या आठवड्यांत संस्थानाच्या अनेक भागांत मुस्लिम वस्त्यांवर सूडाचे हल्ले झाले. या घटनांची पाहणी करण्यासाठी भारत सरकारच्या वतीने पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार व मौलाना अब्दुल्ला मिसरी यांचे पथक पाठविण्यात आले. या पथकाने नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये संस्थानाच्या १६ पैकी ९ जिल्ह्यांत दौरा केला. पोलीस कारवाईच्या काळात व तिच्यानंतर किमान २७ ते ४० हजार माणसे प्राणास मुकली असावीत, असा त्यांचा अंदाज होता आणि उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड या जिल्ह्यांत सर्वाधिक हानी झाल्याचे त्यांनी नमूद केले. त्यातील नांदेड हा आजच्या हिंगोली जिल्ह्याचा निकटचा शेजारी. या आकड्यांविषयी मतभेद आहेत. हा अहवाल त्या वेळी प्रसिद्ध करण्यात आला नाही. त्यातील मजकूर अभ्यासकांपुढे येण्यास अनेक दशके लागली. सुक्याबरोबर ओलेही जळते, या म्हणीचा भयंकर प्रत्यय त्या काळात अनेक निरपराध कुटुंबांना आला, एवढे मात्र नाकारता येत नाही.

याच अहवालात एक आश्वासक नोंद आहे. अनेक ठिकाणी हिंदूंनी आपल्या मुस्लिम शेजाऱ्यांचे रक्षण केले, कित्येकदा स्वतःचे प्राण गमावून केले. विशेषतः समव्यावसायिकांमध्ये ही आत्मीयता दिसून आली. हिंदू विणकरांनी मुस्लिम विणकरांना वाचविल्याची उदाहरणे पथकाने नोंदविली आहेत. मुलांना युद्धकथा सांगताना बहुधा दोनच पात्रे उभी केली जातात : मारणारा आणि मरणारा. वाचविणारा हे तिसरे पात्र गाळले जाते. वस्तुतः मुलाच्या मनाला आधार देणारे आणि त्याला कृतीची दिशा दाखविणारे पात्र तेच असते.

पूर्वी रझाकारांनी अत्याचार केले म्हणून नंतरचे अत्याचार क्षम्य ठरत नाहीत, आणि नंतर अत्याचार झाले म्हणून मुक्तिसंग्रामाचे न्याय्य स्वरूप उणावत नाही. ही दोन वाक्ये एकाच वेळी सत्य मानता येणे, हीच इतिहासाच्या शिक्षणाची परिपक्वता होय. वसमत तालुक्यातील कुरुंदा हे मूळ गाव असलेले नरहर कुरुंदकर (१९३२-१९८२) पोलीस कारवाईच्या वेळी सोळा वर्षांचे होते. ज्या वयाच्या मुलांशी असे विषय बोलू नयेत असे आपण मानतो, त्याच वयात त्यांनी हा कालखंड अनुभवला आणि पुढे अध्यापक व विचारवंत म्हणून हैदराबाद संस्थानाच्या अखेरच्या पर्वाची परखड चिकित्सा केली. संघर्षाच्या छायेत वाढलेले मूल द्वेषाकडेच वळते असे नाही. त्याला विचारांची साधने मिळाली तर ते चिकित्सेकडेही वळू शकते.

युद्ध आणि मूल : काही अभ्यास :

दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बाँबवर्षाव होत असताना ॲना फ्रॉईड व डोरोथी बर्लिंगहॅम यांनी हॅम्पस्टेड येथे मुलांसाठी युद्धकालीन संगोपनगृहे चालविली. त्या निरीक्षणांवर आधारित त्यांचा ग्रंथ १९४३ च्या सुमारास प्रसिद्ध झाला. लहान मुलाला बाँबपेक्षाही आई-वडिलांपासूनची ताटातूट अधिक हादरवून टाकते आणि मुलाची भीती पुष्कळदा सोबतच्या वडीलधाऱ्यांच्या भीतीचे प्रतिबिंब असते, असे त्यांना आढळले. याचा अर्थ असा की, युद्धाविषयी मूल प्रथम शब्दांतून नव्हे तर मोठ्यांच्या चेहऱ्यावरून शिकते. म्हणून केवळ गप्प बसल्याने मुलाचे रक्षण होते, ही समजूत टिकत नाही. 'झाकली मूठ सव्वा लाखाची' हे व्यवहारात खरे असेल, पण मुलाला मूठ झाकलेली आहे हे दिसत असते आणि तिच्यात काय असेल याच्या कल्पना वस्तुस्थितीपेक्षा अधिक भयावह असू शकतात.

दुसरा महत्त्वाचा अभ्यास ज्याँ पियाजे यांनी ॲन-मारी व्हेल यांच्यासमवेत जिनिव्हा येथील मुलांविषयी केला व तो १९५१ मध्ये प्रसिद्ध झाला. स्वदेश व परदेश या कल्पना मुलांच्या मनात टप्प्याटप्प्याने कशा विकसित होतात, हे त्यांनी तपासले. लहान मूल 'परका' हा शब्द फक्त इतरांना लावते. परदेशात गेल्यावर आपणच तेथील लोकांच्या दृष्टीने परके असतो, ही परस्परता त्याला वाढत्या वयातच उमगते. युद्धाच्या आकलनाची गुरुकिल्ली याच परस्परतेत आहे. पैनगंगेपलीकडे आश्रयास गेलेले मराठवाड्यातील कुटुंब वऱ्हाडात 'मोगलाईतून आलेले' म्हणून परकेच होते, हे उदाहरण आपल्या विद्यार्थ्यांना कोणत्याही परदेशी उदाहरणापेक्षा लवकर पटेल.

धोरणाच्या पातळीवरही या विषयाला मान्यता आहे. संयुक्त राष्ट्रसंघाच्या १९८९ च्या बालहक्क करारनाम्यात मुलाला स्वतःचे मत मांडण्याचा अधिकार, सशस्त्र संघर्षात संरक्षण आणि सामंजस्य व शांततेच्या भावनेने शिक्षण यांचा समावेश असून भारताने तो १९९२ मध्ये स्वीकारला. ग्रासा माशेल यांनी १९९६ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाला सादर केलेल्या अहवालाने सशस्त्र संघर्षाचे मुलांवरील परिणाम जगापुढे मांडले. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ तयार होताना 'शांततेसाठी शिक्षण' या विषयावर स्वतंत्र गट नेमण्यात आला होता. कृष्णकुमार यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात भारत व पाकिस्तानातील शालेय पुस्तके एकाच स्वातंत्र्यलढ्याचे कथन किती भिन्न रीतीने करतात, हे दाखवून दिले आहे. मराठवाड्यात असे दोन देशांचे अंतरही नाही. एकाच गावातील दोन गल्ल्यांत दोन कथने नांदतात.

वर्गातील संवादाची तत्त्वे :

२०१८ मध्ये लागू झालेल्या राज्याच्या इयत्ता आठवीच्या इतिहासाच्या पुस्तकात हैदराबादचा विषय जुनागड, काश्मीर, गोवा इत्यादींसमवेत संस्थानांच्या विलीनीकरणाच्या संदर्भात आला. संपूर्ण राज्यासाठी लिहिलेल्या पुस्तकात एका जिल्ह्याला अधिक जागा मिळणे शक्य नसते. उर्वरित कार्य स्थानिक अध्यापकाचे आहे. त्यासाठी पुढील तत्त्वे उपयुक्त ठरतील.

१) वयानुसार कथन : प्राथमिक वर्गातील मुलांना हिंसेचे तपशील देण्याचे प्रयोजन नाही. गाव सोडावे लागणे, शेजाऱ्याने धान्य व आसरा देणे, परत येणे, एवढे पुरेसे आहे. माध्यमिक स्तरावर कारणे, घटनाक्रम व अन्याय यांची ओळख करून द्यावी. परस्परविरोधी साधनांची तुलना, आकड्यांविषयीचे वाद आणि शासकीय अहवाल अप्रसिद्ध का राहतात, यांसारखे प्रश्न कनिष्ठ व वरिष्ठ महाविद्यालयांसाठी राखावेत.

२) व्यक्ती, संघटना, राजवट व समाज यांतील भेद : निजामाची राजवट, रझाकार संघटना आणि मुस्लिम समाज या तीन भिन्न गोष्टी आहेत, हे प्रत्येक वेळी स्पष्ट करावे. हाच भेद पुढे जगातील कोणत्याही संघर्षात सरकार, सैन्य व जनता यांना वेगळे पाहण्यास शिकवितो.

३) अवघड प्रश्नांना वाव : सत्याग्रहाने आरंभ झालेल्या लढ्यात शस्त्रे का आली, असा प्रश्न विद्यार्थ्याने विचारला तर तो टाळू नये. ज्या ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत महात्मा गांधींची हत्या झाली, त्याच दिवशी मुक्तिसंग्रामातील कार्यकर्त्यांनी नांदेड जिल्ह्यातील उमरी येथील बँक लुटून लढ्यासाठी निधी उभारला. साधन आणि साध्य यांची चर्चा करण्यासाठी याहून समर्पक प्रसंग आपल्या परिसरात दुसरा नाही. येथे अध्यापकाने तयार उत्तर देण्यापेक्षा त्या काळातील माणसांपुढे कोणते पर्याय होते, हे मुलांपुढे मांडावे.

४) मौखिक साधनांचे संकलन : १९४८ मध्ये दहा वर्षांचे असलेले मूल आज नव्वदीच्या उंबरठ्यावर आहे. प्रत्यक्ष साक्षीदारांची ही अखेरची पिढी आहे. महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी विद्यार्थ्यांकडून त्यांच्या आठवणी नोंदवून घेतल्या नाहीत, तर काही वर्षांनी केवळ भाषणे उरतील. ही नोंद करताना दोन्ही गल्ल्यांत जावे, सांगणाऱ्याच्या दुःखाची मर्यादा सांभाळावी आणि आज हयात असलेल्या कुटुंबांवर आरोप होईल अशी नावे प्रसिद्ध करू नयेत.

५) समारोप कृतीने : संघर्षाच्या चर्चेचा शेवट असहायतेत होऊ नये. कोणी कोणाला वाचविले, कोणी कोणाच्या शेतीची राखण केली, गाव पुन्हा कसे वसले, हे शोधून काढण्याचे काम विद्यार्थ्यांना द्यावे.

स्थानिकाकडून जागतिकाकडे :

हिंगोली जिल्हा निर्माण झाला त्याच वर्षी, १९९९ च्या मे ते जुलै या काळात, कारगिलचा संघर्ष झाला आणि भारतीय घराघरांत दूरदर्शन संचावरून युद्ध दिसले. त्यानंतर हे प्रमाण वाढतच गेले. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले तेव्हा तेथे शिकणाऱ्या हजारो भारतीय विद्यार्थ्यांना मायदेशी आणावे लागले. ऑक्टोबर २०२३ पासून गाझातील विध्वंसाची दृश्ये मुलांच्या हातातील पडद्यावर येत राहिली. मे २०२५ मध्ये भारत व पाकिस्तान यांच्यातील लष्करी संघर्षाच्या वेळी देशाच्या अनेक भागांत नागरी संरक्षणाच्या सरावाचे भोंगे वाजले. ११ लाख ७७ हजार लोकसंख्येच्या (२०११ ची जनगणना) या ग्रामीण जिल्ह्यातील मूलही आता या बातम्यांपासून दूर नाही. त्याला दृश्य मिळते, पण संदर्भ मिळत नाही. आवेश मिळतो, पण कारणमीमांसा मिळत नाही.

हा संदर्भ देण्याचे सामर्थ्य स्थानिक इतिहासात आहे. निर्वासितांचे तांडे दिसले की, पैनगंगा ओलांडणाऱ्या कुटुंबांची आठवण द्यावी. एखाद्या सरकारने युद्धाला दुसरे नाव दिले की, 'पोलीस कारवाई' या शब्दाची चर्चा करावी. मृतांच्या आकड्यांवरून वाद झाला की, १९४८ च्या अहवालाचे उदाहरण घ्यावे. एखाद्या समाजाला सरसकट शत्रू ठरविले जात असेल तर शोएबुल्ला खान यांचे नाव घ्यावे. हे संघर्ष एकसारखे आहेत असा याचा अर्थ नव्हे. प्रत्येकाची कारणे व न्यायान्यायाचा ताळेबंद वेगळा असतो. तथापि, प्रश्न विचारण्याची पद्धती समान असू शकते आणि तीच इतिहासाने मुलाला द्यावयाची देणगी होय. संत नामदेवांच्या नर्सीचा हा जिल्हा आहे. नामदेवांची पदे शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आदराने समाविष्ट झाली. परक्या भाषेच्या व पंथाच्या माणसांनी आपला मानावा असा वारसा या भूमीने दिलेला आहे, हेही त्याच मुलाला सांगितले पाहिजे.

निष्कर्ष :

१) हिंगोली जिल्ह्यातील मुलांसाठी युद्ध हा परका विषय नाही. १९४७-४८ च्या संघर्षाची स्मृती त्यांच्या कुटुंबांत व बोलीत टिकून आहे.

२) या संघर्षाला दिलेली विविध नावे त्याच्या विविध बाजू दाखवितात व झाकतात. शब्दांची चिकित्सा ही युद्धविषयक शिक्षणाची पहिली पायरी होय.

३) मुक्तिसंग्रामाचे न्याय्य स्वरूप आणि त्यानंतर निरपराधांवर झालेले अत्याचार या दोन्ही गोष्टी वयानुरूप सांगणे शक्य व आवश्यक आहे. त्यांपैकी एक दडविल्यास दुसरीची विश्वासार्हता कमी होते.

४) वडीलधाऱ्यांचे मौन मुलाचे रक्षण करीत नाही. शांतपणे, सत्य धरून व त्याच्या प्रश्नांना वाव देऊन केलेला संवादच त्याला आधार देतो.

५) प्रत्यक्ष साक्षीदारांची पिढी अस्तंगत होत असल्याने मौखिक साधनांचे संकलन जिल्ह्यातील महाविद्यालयांनी विनाविलंब हाती घेणे गरजेचे आहे.

१७ सप्टेंबर १९९४ रोजी, मुक्तिसंग्रामाच्या दिनीच, नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाली. एका शिक्षकाचे नाव विद्यापीठाला देऊन या प्रदेशाने आपला लढा आणि आपले शिक्षण यांचे नाते मान्य केले आहे. त्या नात्याला जागायचे असेल तर ध्वजवंदनानंतर वर्गात परतलेल्या मुलाच्या मनातील प्रश्न ऐकण्याइतका वेळ अध्यापकाने राखून ठेवावा, एवढीच अपेक्षा आहे.